एका वर्षाची वॉरंटी

वस्तू घेताना मी दुकानदाराचा जीव खाते, असं माझ्या घरी सगळे म्हणतात. कुकर घ्यायचा तर झाकण चार वेळा लावून बघते, चादर घ्यायची तर दारात जाऊन उजेडात धरते, आणि भाव केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही. नांदेडला एका कॉलेजच्या परीक्षा विभागात मी काम करते. दिवसभर गुणपत्रिकांतल्या चुका शोधायच्या, ती खोड घरी आल्यावरही सुटत नाही. त्यामुळे अण्णासाठी लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा ते काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावापासून जवळच एका शाळेवर तो मास्तर होता, आणि निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात त्याच्या घशात गाठ निघाली आणि लातूरच्या दवाखान्यात त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं. डॉक्टरांनी आधी कागदावर चित्र काढून आम्हाला समजावलं होतं. जेवण तोंडानंच, पण श्वास मानेखाली ठेवलेल्या भोकातून, आणि आवाज नाही. वैनी आणि मी त्या चित्राकडे बघत होतो. अण्णा डॉक्टरांच्या हातातल्या शाईच्या पेनाकडे बघत होता. अशी पेनं त्याला आवडायची.

गळ्याला टेकवून बोलायचं एक छोटं यंत्र मिळतं, तेही आणलं. त्यातून भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. अण्णानं दोन दिवस ते लावून बघितलं आणि पाटीवर लिहिलं, 'पोरं हसतील.' निवृत्त माणसाला कुठली पोरं हसणार होती? पण तो आयुष्यभर वर्गासमोर उभा राहिलेला माणूस, त्याला मनातून पोरं दिसत असणार. यंत्र कपाटात गेलं आणि पाटी राहिली. पाटीवर आमचं सगळ्यांचं भागत होतं. भागत नव्हतं ते फक्त अव्वाचं.

अव्वा म्हणजे आमची आई. आमचं घर लिंगायतांचं, आजोळ उदगीरच्या पलीकडचं, त्यामुळे असे पाच-दहा कानडी शब्द घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. अव्वा तेव्हा ऐंशीच्या पुढं होती. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, कान मात्र असे की अंगणात कोण आलं ते चपलेवरून सांगायची. लिहिता-वाचता तिला कधी आलंच नाही, आणि येत असतं तरी आता काय उपयोग होता? तिच्यासाठी माणूस म्हणजे आवाज. आणि तिच्या लेकाला तोच नव्हता.

हे तिला सांगायचं नाही, असं अण्णानं पाटीवर लिहून आम्हाला बजावलं होतं. कारणही लिहिलं होतं. तो सातवीत असताना त्याची दाढ ठणकायला लागली होती, तेव्हा अव्वानंच आपल्या तंबाखूची चिमूट त्याच्या दाढेत धरायला दिली होती. दाढ थांबली, तंबाखू सुटली नाही. हा आजार कशानं होतो ते आता टीव्हीवर दहा वेळा सांगतात, आणि अव्वा टीव्ही ऐकते. 'तिला कळलं तर ती ते मनाला लावून मरेल,' अण्णानं लिहिलं. एवढं मोठं वाक्य बसावं म्हणून त्यानं पाटी दोनदा पुसली.

मग मी एक थाप शोधून काढली. श्रावण येणार होता. म्हटलं, अव्वाला सांगू की अण्णानं श्रावणभर मौन धरलंय. शंकराच्या नावानं कुणी कुणी धरतातही. अव्वाला ही थाप इतकी आवडली की तिनं ती गल्लीभर मिरवली. माझ्या लेकाचं मौन हाय म्हणून ती शेजारणींनासुद्धा हळू बोलायला लावायची. रोज सकाळी तिची लिंगपूजा झाली की अण्णा तिच्यापुढं जाऊन बसे आणि ती चाचपत त्याच्या कपाळाला विभूती लावी. हात कपाळाच्या खाली जात नसे. त्याच्या मानेभोवती उपरणं असायचं. भोकातून येणारा श्वासाचा घरघर आवाज तिला ऐकू यायचा, त्याला आम्ही सर्दी म्हणायचो.

थाप मारताना मी तारखेचा विचार केला नव्हता. पोळ्याला श्रावण संपतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मौन सुटणार, हे अव्वा बोटांवर मोजत बसली होती.

लॅपटॉपची गोष्ट इथून सुरू झाली. अण्णा मोबाइलवर टाइप करायचा म्हटलं की चिडायचा, त्याची बोटं जाड आणि नजर अधू. पण तरुणपणी लातूरला मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली होती, आणि मोठ्या कीबोर्डवर त्याचा हात आपण बोलतो त्याच वेगानं चालायचा. टाइप केलेलं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय आता मिळते, हे मला कॉलेजात कळलं होतं. म्हणजे तो टाइप करेल आणि यंत्र बोलेल. पोळ्याच्या चार दिवस आधी तो लातूरची तपासणी आटोपून नांदेडला माझ्याकडे आला, तेव्हा आम्ही दोघं दुकानात गेलो.

दुकानात दोन लॅपटॉप समोर ठेवले. एक चांगला, महागाचा. दुसरा त्याच्या निम्म्याहून कमी किमतीचा. काउंटरवरच्या बाईंनी समजावलं की ह्या स्वस्तातल्याच्या पोटात फारसं काही नसतं, सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर कुठल्यातरी मोठ्या यंत्रात राहतं. तुमचं लिहिलेलं तिथं, प्रोग्राम तिथं, आवाजसुद्धा तिथूनच येतो. म्हणून तर स्वस्त. मी माझ्या सवयीप्रमाणे प्रश्नांचा भडिमार केला. टायपिंगची जुनी मराठी कळरचना आहे का? आहे. बॅटरी किती चालते? दिवसभर. हरवलं, फुटलं तर लिहिलेलं जाईल का? नाही, तेच तर क्लाउडचं सुख. नेट नसेल तर, असंही मी विचारलं. बाई हसल्या, म्हणाल्या, आजकाल नेट कुठं नाही मॅडम? आणि परीक्षा विभागात पाव गुणासाठी फाइल परत पाठवणारी मी तेवढ्यावर गप्प बसले.

अण्णाला टाइप करून बघायला सांगितलं. त्यानं उपरणं सारखं केलं, बाह्या वर केल्या आणि बोटं चालवली. क्षणभरानं एक भारदस्त पुरुषी आवाज दुकानभर घुमला. 'नमस्कार. दर थोडा कमी करा.'

सगळं दुकान हसलं. अण्णाही हसला, म्हणजे त्याचे खांदे हलले. दोन महिन्यांनी माझ्या भावाच्या मनातलं काहीतरी मी कानानं ऐकत होते, आणि ते घासाघीस करण्याबद्दल होतं. मला रडू आलं आणि ते लपवायला मी बॅटरीबद्दल परत एकदा विचारलं.

कुठला घ्यायचा ते त्या आवाजानंच ठरलं असं मी पुढं सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. आदल्या दिवशी चहा पिताना अण्णानं पाटीवर लिहिलं होतं, 'महाग घेऊ नको. मी असा किती दिवस वापरणार?' मी पाटी हिसकावून पुसली आणि त्याला शिव्या घातल्या. पण दुकानात तोच हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. एरवी वस्तू किती वर्षं टिकेल ते बघून मी किंमत ठरवते. त्या दिवशी माणूस किती टिकेल ते बघून ठरवत होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं ते मी वैनीलाही सांगितलं नव्हतं.

बाईंनी बिल करताना विचारलं, वॉरंटी एक वर्षाची आहे, थोडे जास्त दिलेत तर तीन वर्षांची होईल, करू का? मी म्हणाले, 'एका वर्षाची पुरे.'

म्हणाले आणि मग लक्षात आलं की अण्णा माझ्या खांद्याशी उभा आहे. त्याचं स्वरयंत्र काढलं होतं, कान नव्हते काढले. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तो दुकानाच्या पायऱ्या उतरून रिक्षा थांबवायला पुढं गेला. हाताचा इशारा करून त्यानं दोन रिक्षा सोडल्या आणि तिसरी थांबवली, बहुतेक मला डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून. पसंत न पडल्यास दहा दिवसांत परत, असं बिलाच्या मागं छापलं होतं. ते मी रिक्षात बसल्यावर वाचलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही लोह्यावरून, अहमदपूरवरून बसनं गावी गेलो. मी आठवड्याची रजा टाकली होती. घरात शिरल्या शिरल्या मी मोबाइल वर धरून नेट शोधत हिंडले. सोप्यात नाही, स्वयंपाकघरात नाही, माडीवर येऊन-जाऊन. गोठ्याच्या कोपऱ्यात गव्हाणीच्या वर मोबाइल ठेवला की तेवढं नीट मिळायचं. नेट नसलं की लॅपटॉप टाइप केलेलं नुसतं दाखवायचा, बोलायचा नाही. दुकानातल्या बाईंची मला आठवण आली, चांगली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अव्वानं पहाटेच आंघोळ केली. पूजा केली. मौन सुटायचं म्हणून वैनीला गुळाचा शिरा करायला लावला. तिची बाज आम्ही गोठ्याच्या कोपऱ्याशी आणून टाकली. इथं कशाला, बैलांच्यात, असं तिनं विचारलं, तर मी म्हटलं हवा चांगली आहे. अण्णा समोर स्टुलावर बसला, मांडीवर लॅपटॉप. त्याच्या कपाळाला ताजी विभूती होती. त्यानं टाइप केलं. पडद्यावर ते चाक फिरत राहिलं. मग आवाज आला.

'आई, मी आलो आहे. तुझी तब्येत कशी आहे?'

अव्वानं झटकन डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती सावरून बसली. 'कोन पाव्हनं आलेत?' तिनं वैनीला विचारलं. 'बसा म्हनावं. पानी दे गं त्यांला.'

वैनी म्हणाली, अव्वा, हे आपलेच हायत की, बोलायलेत. पण तोवर अण्णानं दुसरं वाक्य टाइप केलं होतं आणि ते जरा उशिरानं, वैनीच्या बोलण्यावरच येऊन पडलं. 'आई, मी तुझा मुलगा बोलत आहे.'

'हे कुनी सायेब हायत,' अव्वा म्हणाली. 'कुनाच्या आईला बोलायलेत ते? मला आई कोन म्हनतंय?'

खरंच की. तिला जन्मात कुणी आई म्हटलं नव्हतं. मी अण्णाकडे बघितलं. तो कीबोर्डवर हात ठेवून तसाच बसला होता. तेवढ्यात नेट गेलं. बैल मान हलवत होते, त्यांच्या शिंगांचे पोळ्याचे रंग अजून ओले वाटत होते. अव्वानं थोडा वेळ वाट बघितली आणि पाव्हणे गेले असं समजून आवाज एकदम खाली आणला.

'श्रावन सरला की रं लेकरा. सुटलं मौन. बोल की आता.'

अण्णाच्या मानेतून श्वास तेवढा वाजला.

मागच्या अंगणात मी त्याला गाठलं. मी फार चिडले होते. लॅपटॉपवर, नेटवर, स्वतःवर, आणि हाताशी सापडला तो. मी म्हणाले, 'जन्मभर पोरांच्या वह्यांत “हाय” खोडून “आहे” करत आलास, आता घरचा शब्दसुद्धा तुझ्या हातातून उतरंना. अव्वाला अव्वा म्हनायचं लिहिता आलं न्हाई तुला? एवढा कसला रे मास्तर तू?'

त्यानं माझ्याकडे बघितलं. लॅपटॉप उघडा होता, नेट नसलं तरी मला वाचता आलं असतं. त्यानं काही टाइप केलं नाही. झाकण लावलं आणि तो बैलांना पाणी दाखवायला गेला. वैनी न्हाणीच्या दाराशी उभी होती.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. लेकाचं मौन सुटलं तरी तो बोलत नाही, आणि आपल्याशी बोलायला कुणीतरी साहेब आणून बसवतो, ह्याचा अव्वानं एकच अर्थ लावला, तो रुसलाय. का रुसला त्याचं कारणही तिनं शोधलं. दवाखान्यात जायच्या आधी, म्हणजे तिच्या हिशेबानं नांदेडला बहिणीकडे जायच्या आधी, गोठ्याचे पत्रे बदलले नाहीत म्हणून ती त्याला बोलली होती. ती मला म्हणाली, मला न्हाई बोलायला पायजे व्हतं, त्याचं बी वय झालं. दोन घास खायची आणि ताट सारून द्यायची. मी म्हटलं, आपण त्या यंत्रात अव्वा असं टाइप करू, परत ऐकवू. अण्णानं मान हलवून नाही म्हटलं. इतक्या जोरानं की मला ते हट्टाचं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो रोजच्यासारखा तिच्यापुढं जाऊन बसला. तिनं विभूती लावली. ती हात मागं घेणार तोच त्यानं तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं उपरणं काढून ठेवलं आणि तिचा तळवा आपल्या मानेवर नेऊन त्या भोकापुढं धरला.

अव्वाची बोटं आधी आखडली. मग हळूच पसरली. ती किती वेळ तसा हात धरून होती ते मला सांगता येणार नाही. वैनी चुलीशी होती, तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलेलं मला ऐकू आलं.

'हितून वारं यायलंय,' अव्वा म्हणाली. मग म्हणाली, 'आवाज हितूनच गेला व्हय रं तुझा?'

अण्णानं मान हलवली, हो म्हणून. हात मानेवर असल्यानं तिला ते कळलं.

'दुखतंय?'

नाही.

'तंबाखूनं झालं?'

अण्णानं मान हलवली. नाही. परत एकदा, सावकाश, नाही.

तिनं 'बरं' म्हटलं. त्याच्यावर तिचा विश्वास बसला की नाही ते मला आजही माहीत नाही. मला वाटलं व्हतं रुसलास, एवढं ती म्हणाली आणि उपरणं चाचपून तिनंच त्याच्या गळ्याभोवती नीट गुंडाळलं. त्यानंतर त्या दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ते असंच, तिचा तळवा त्याच्या मानेवर आणि ती विचारणार, तो मान हलवणार. तासन्‌तास चालायचं. ती असे प्रश्न शोधून काढायची की ज्यांना हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं.

म्हणजे लॅपटॉप ज्या कामाला घेतला त्या कामाचा उरला नाही. दहा दिवस संपत आले होते. परत देऊ या, मी म्हटलं, पैसे तरी मिळतील. पण ज्या संध्याकाळी मी निघणार होते त्या संध्याकाळी गोठ्याकडून साहेबाचा आवाज आला, 'तू मला कधीच विचारत नाहीस.' आणि त्यावर वैनीचा, 'इचारून काय करू? तुमचं ठरलेलंच ऱ्हातंय.' दोघं नवरा-बायको भांडत होते. कशावरून ते कळलं नाही. वैनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा किती दिवसांनी जिवंत दिसत होता. म्हणाली, ऱ्हाऊ द्या ते. पाटीवर भांडता येत न्हाई.

मग तो राहिला. अण्णानं त्याच्यावर गावातल्या लोकांचे अर्ज लिहून दिले, शाळेच्या पोरांना निबंध वाचून दाखवले, आणि ती पोरं हसली नाहीत. पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला माझ्या मोबाइलवर त्याचा मेसेज आला. 'आज वॉरंटी संपली. मी अजून चालू आहे.' मी कॉलेजात होते. हसू की काय करू ते समजेना, मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. दीड वर्ष तो दुकानातलं माझं वाक्य मनात ठेवून होता आणि त्याचा त्यानं विनोद केला, माझी सुटका व्हावी म्हणून. नाही, दीड नाही, एक वर्ष. दीड वर्षानं तो गेला.

माघात गेला. आमच्याकडे माणसाला बसवून पुरतात. अव्वाला दोघींनी धरून आणलं. तिनं शेवटची विभूती लावली आणि मग हात खाली नेऊन मानेवर ठेवला. कुणी तिला लवकर कर म्हणालं नाही. वारं थांबलेलं हातानं कळल्यावरच ती बाजूला झाली.

लॅपटॉप वैनीनं माझ्याकडे पाठवून दिला. त्यातलं खातं माझ्याच नावानं उघडलेलं होतं. तो तसाच माझ्या कपाटावर पडून होता. ह्या उन्हाळ्यात मला मेसेज यायला लागले, तुमच्या खात्यातली जागा भरत आली आहे, अनावश्यक मजकूर काढा किंवा जास्त जागा विकत घ्या. पैसे भरायचे नाहीत हा माझा स्वभावच. एका रविवारी सकाळी मी तो उघडून काय काय काढता येईल ते बघायला बसले.

एक फाइल होती, तिचं नाव त्यानं 'बोलणे' असं ठेवलं होतं. उघडली तर कोरी. अण्णा एकाच पानावर टाइप करायचा, यंत्र बोललं की पाटी पुसावी तसं ते पुसायचा आणि पुढचं वाक्य लिहायचा. आपण पुसलं ते गेलं असं त्याला वाटत असणार. पण क्लाउडवर पुसलेलंही राहतं. कधी काय लिहिलं आणि कधी खोडलं, तारखेसकट, वेळेसकट. गुणपत्रिकांत कुणी केव्हा फेरफार केला ते आम्ही असंच शोधतो, त्यामुळे मला ते काढायला पाच मिनिटं लागली.

सगळं होतं. वैनीशी केलेली भांडणं, अर्ज, निबंध, 'मिरची कमी टाक', 'डॉक्टर काय म्हणाले ते खरं सांग'. मी मागं मागं जात राहिले. अगदी तळाशी पोळ्याचा दिवस होता, दुपारी तीनच्या सुमाराचा. तेव्हा सगळं गाव बैल घेऊन वेशीकडे गेलेलं होतं, मीही अव्वाला धरून तिकडंच गेले होते. घरात अण्णा आणि वैनी. त्यानं लिहिलेलं होतं:

'अव्वा'

पुसलेलं. परत 'अव्वा'. पुसलेलं. मग 'अव्वा, मी हाय'. मग 'अव्वा, जेवलीस का वं'. 'वं' सकट, जसं तो बोलायचा तसं. अकरा वेळा त्यानं ते निरनिराळ्या तऱ्हेनं लिहून ऐकून बघितलं होतं. आणि शेवटी, बहुतेक वैनीला उद्देशून, 'बंद कर. ह्या माणसाच्या तोंडून अव्वा ऐकवत नाही. तो तिला आईच म्हणू दे.'

मी वैनीला फोन लावला आणि वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, 'हाव. मी व्हते तिथं. कुनाला सांगू नको म्हनले.'

मी विचारलं, मी त्याला मागच्या अंगणात बोलले तेव्हाही तू होतीस, मग तरी का सांगितलं नाहीस?

'त्यांनी डोळ्यानं न्हाई म्हनलं मला,' वैनी म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी पुढच्या दिवसाची पानं उघडली. 'आई, मी आलो आहे. तुझी तब्येत कशी आहे?' 'आई, मी तुझा मुलगा बोलत आहे.' आणि त्यानंतर एकदम दोन दिवसांनी वैनीसाठी 'चहा'. मधे काही नाही. मी त्याला जे म्हणाले होते ते तिथं कुठंच नाही. मी ते तोंडानं म्हणाले होते.